आधी बहीण, मग स्टेटस

या वेळचं पत्र अमळनेर तालुक्यातून आलं आहे. लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नाव-गाव देत नाही. पत्र थोडं कमी करून देते.

"ताई, नमस्कार. मी शेतकरी, वय ४७. माघात आमचे आप्पा गेले. जळगावला दवाखान्यात होते, पहाटे पाचच्या सुमारास गेले. धाकटी बहीण सुरतला, उधन्याकडे राहते. मी पाहुण्यांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या फोनवर कळवलं, 'आप्पांची तब्येत जास्त झाली आहे, पहिल्या गाडीने निघा.' गेले असं सांगितलं नाही. दोघं लेकरू घेऊन गाडीत बसले. इकडे माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलानं, वय २२, सकाळी साडेसहाला स्टेटस ठेवलं. आप्पांचा दवाखान्यातला फोटो, नाकात नळी असलेला, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नंदुरबार सोडल्यावर धाकटीनं फोन उघडला. पाहुणे तेव्हा लेकराला घेऊन दाराशी उभे होते. अमळनेर स्टेशनवर उतरली तेव्हा मला बिलगून एवढंच म्हणाली, 'दादा, माले गाडीमा समजनं रे.' नंतर कळलं की त्याआधी तिनं आप्पांच्याच नंबरवर अकरा वेळा फोन लावला होता. आप्पांची कॉलर ट्यून अभंगाची आहे. दर वेळी अभंग वाजायचा आणि फोन बंद व्हायचा. मोबाइल दवाखान्याच्या पिशवीत तळाशी पडलेला होता.

अंत्यविधीच्या वेळी हाच भाचा व्हिडिओ कॉल लावून चितेजवळ उभा. दारावर सांत्वनाला लोक यायचे तेव्हा कोणाचा ना कोणाचा फोन वाजायचा, एकदा तर डीजेचं गाणं वाजलं. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. चार माणसांत भाच्याला नाही नाही ते बोललो, त्याचा फोन हिसकून ओट्यावर आपटला. काच फुटली. तो गंधमुक्तीलाही आला नाही. मोठी बहीण म्हणते, माझ्या पोराचा चारचौघांत अपमान केला, आधी त्याची माफी माग, मगच मी माहेरी पाय ठेवीन. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. आप्पांच्या नावाची पहिली पाण्याची घागर भरायची आहे. दोघी बहिणी यायला हव्यात. माझं चुकलं का? आणि घरात सगळे जमतील तेव्हा या फोनचं काय करू? पोरं मला जुन्या वळणाचा म्हणतात."

भाऊ,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. राग खरा होता, फोन आपटला ते चुकलं. भाच्याची चूक तुमच्या बहिणीला जन्मभर आठवेल अशी आहे, पण ती त्यानं वाईट बुद्धीनं केलेली नाही. तुमची चूक लहान आहे, पण ती तुम्ही समजून-उमजून, त्याला लागावं म्हणूनच केली. म्हणून आधी पाऊल तुम्ही उचलायचं. ते कसं, हे शेवटी सांगते. त्याआधी तुमच्या घरात नेमकं काय घडलं ते समजून घेऊ, कारण ते एकट्या तुमच्या घरात घडलेलं नाही. गेल्या वर्षभरात अशाच गोष्टीची तीन पत्रं मला आली आहेत. एकीला सासऱ्यांचं जाणं सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. एका मुलाला मित्राच्या 'आरआयपी' मेसेजवरून कळलं की आपली आजी गेली.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. नोकरीची पहिली बारा-तेरा वर्षं खानदेशातल्याच एका तालुक्याच्या एक्सचेंजमध्ये, ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे कॉल जोडून देण्याच्या कामावर काढली. तेव्हा गावात फोन एखाद्या किराणा दुकानात किंवा ग्रामपंचायतीत असायचा. सुरतेहून, मुंबईहून 'पीपी' कॉल यायचा, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावून द्यायचं. दुकानदार पोराला पळवायचा, माणूस येईपर्यंत लाइन धरून ठेवायची. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर ऑपरेटर बसायच्या. रात्रीचा अर्जंट कॉल आला की काय असेल ते त्यांना पलीकडच्या आवाजावरूनच कळायचं. कॉल जोडायची कॉर्ड हातात असायची, पण त्या ती लगेच लावायच्या नाहीत. आधी दुकानदाराला विचारायच्या, "बाईंसोबत कोणी आलंय का? नसेल तर त्यांच्या दिराला बोलवा. खाली बसायला काहीतरी द्या." उत्तर आलं की मगच कॉर्ड आत जायची. तीन मिनिटांनी "तीन मिनिटं झाली" असं सांगावं लागायचं, कारण पैसे तीन मिनिटांच्या हिशेबानं लागायचे. रडणाऱ्या माणसाला ते सांगताना त्यांचा आवाज इतका खाली यायचा की मला शेजारी बसून ऐकू येत नसे. मला हे कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. मी त्यांच्या हाताकडे बघून शिकले.

त्याच्याही आधीचं तुम्हाला घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून माहीत असेल. कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं की वाचायच्या आधी कळायचं, कोणीतरी गेलं. पोस्टमन ते इतर टपालासारखं दारातून आत टाकायचा नाही, कर्त्या माणसाला हाक मारून त्याच्या हातात द्यायचा. वाचून झालं की कार्ड फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. तार आली तरी 'फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली' अशी यायची. माणूस गेलेला असला तरी शब्द 'सिरियस' असायचा, आणि वाचणारालाही आतून समजायचं. पण एसटीत बसून गावापर्यंत येईस्तोवर मनाला थोडी जागा मिळायची. १४ जुलै २०१३ हा तारेचा शेवटचा दिवस. तुम्ही पाहुण्यांना "तब्येत जास्त झाली आहे" असं कळवलंत तेव्हा तुम्ही तेच केलंत. तुम्हाला कोणी जुन्या वळणाचं म्हणो, हे वळण चांगलं आहे.

मग बदललं काय? मोबाइल नवीन आला तेव्हा त्याच्या दरानंच आपल्याला आवरून धरलं होतं. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल कोलकाता ते दिल्ली झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. १ मे २००३ पासून इनकमिंग मोफत झालं. पुढे २०१६ पासून डेटा इतका स्वस्त झाला की फोटो पाठवताना हात थबकेनासा झाला. व्हॉट्सअ‍ॅपचं आजचं फोटोचं स्टेटस २०१७ चं आहे. म्हणजे तुमचा भाचा तेरा-चौदा वर्षांचा होता तेव्हापासून ते त्याच्या हातात आहे. आपल्या आणि बातमीच्या मध्ये पूर्वी पोस्टमन होता, दुकानदार होता, कॉर्ड धरून बसलेल्या बाई होत्या. आता मध्ये कोणीच नाही. तो थांबण्याचा क्षण आता फोन हातात असलेल्यानंच सांभाळायचा असतो, आणि हे त्या पोराला कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही नाही, त्याच्या आईनंही नाही.

त्याची बाजूही बघा. पहाटे आजोबा गेले, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्यानं फोटो शोधला, चार शब्द लिहिले. त्याच्या वयाची मुलं दुःख असंच सांगतात. त्याला वाटलं, मी आप्पांना मान दिला. मावशी गाडीत आहे, तिच्या हातात फोन आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. हे त्याच्या ध्यानात आणून देणं मामाचं काम होतं, आणि तुम्ही फोन आपटलात तेव्हा ते राहून गेलं. त्याला त्या दिवसातली फुटलेली काचच लक्षात राहिली असणार.

आता निरोप कसा द्यायचा, ते जरा सविस्तर सांगते, कारण फोनच्या सगळ्या रीतींत मला हीच सर्वांत मोठी वाटते.

आधी एका चुकीबद्दल. ही माझी आहे. माझ्या भावाचा मोटरसायकलवर अपघात झाला, पाय मोडला, जिवाला धोका नव्हता. मी वहिनीला मोबाइलवर फोन लावला आणि तिनं "हॅलो" म्हणताच बोलले, "भाऊचा अ‍ॅक्सिडेंट झालाय." ती तेव्हा चुलीपुढे होती, खापरावर पुरणपोळी टाकत होती. पुढचं "पाय मोडलाय, बाकी ठीक आहे" हे तिनं ऐकलंच नाही. मला पलीकडून खापर पडल्याचा आवाज आला आणि मग पोरं ओरडायला लागली. तिच्या उजव्या मनगटावर तो डाग अजून आहे. बोर्डावर इतकी वर्षं "सोबत कोणी आहे का" हे ऐकलेली मी, स्वतःच्या माणसाच्या वेळी ते विचारायला विसरले.

तेव्हापासून कसलीही वाईट बातमी असो, माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "कोठे शेस तू (कुठे आहेस तू)? सोबत कोण आहे?" माणूस गाडी चालवत असेल तर "घरी पोचलीस की मला फोन कर, काम आहे" एवढंच बोलायचं. एकटा असेल तर आधी शेजारच्या घरी फोन करून कोणाला तरी तिकडे पाठवायचं. जवळच्या माणसाला आवाजानं सांगायचं, मेसेजनं नाही. सांगायचं ते थोडक्यात, आणि मग फोन लगेच ठेवायचा नाही. पलीकडचा माणूस गप्प असला तरी लाइन धरून राहायची. ती दोन-तीन मिनिटांची शांतता कोणाला तरी फार आधार देते.

क्रमही ठरलेला हवा. आधी रक्ताचे, म्हणजे मुलं, मुली, भाऊ-बहिणी. मग भाऊबंद आणि सोयरे, मग गाव, आणि सर्वांत शेवटी स्टेटस आणि ग्रुप. यादी एका माणसाच्या हातात असावी आणि "सगळ्यांना कळलं" हे त्यानं म्हटल्याशिवाय घरातल्या कोणीही काही टाकू नये. यात परक्या लोकांनाही एक विनंती आहे. तुमच्या गावातलं कोणी गेलं आणि तुम्हाला आधी कळलं, तरी तुम्ही गावच्या ग्रुपवर पहिले ठरू नका. त्या घराचा मेसेज येऊ द्या. चुकून स्टेटस गेलंच, तर ते कोणी कोणी बघितलं याची यादी तिथेच खाली दिसते. ज्याला कळायला नको होतं त्याचं नाव तिथे नसेल तर ताबडतोब काढून टाका. नाव दिसलं तर फोन उचला आणि त्याच्याशी बोला.

फोटोचं मात्र मी कडक सांगते. दवाखान्यातला फोटो टाकायचा नाही. नळ्या लावलेला नाही, खाटेवरचा नाही, तिरडीवरचा तर नाहीच. आप्पांच्या वयाचा आपल्याकडचा शेतकरी टोपी घातल्याशिवाय बाहेरच्या माणसासमोर येत नसे. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी तो फोटो दिला असता का? टोपीतला, शेतातला, नातवाला कडेवर घेतलेला कुठलाही फोटो शोधा. घरात एक तरी सापडतो.

आणि आप्पांचा फोन. भाऊ, या गोष्टीनं मला फार वाईट वाटलं, म्हणून वेगळं लिहिते. घरातलं माणूस सिरियस असताना त्याचा मोबाइल कोणातरी समजदार माणसाच्या हातात हवा, चार्ज केलेला, आवाज चालू असलेला. ज्यांना काही कळत नाही ते शेवटी त्याच नंबरवर फोन लावतात. अकरापैकी एक फोन जरी तुमच्या मिसेसनं उचलला असता आणि "ये बाई, आम्ही स्टेशनवर येतो, पाहुण्यांना फोन दे" एवढं म्हटलं असतं, तरी तिचं नंदुरबार ते अमळनेरचं येणं वेगळं झालं असतं. आता तो नंबर चालू आहे ना, ते बघा. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. बँकेत, जमिनीच्या कामात तोच नंबर दिलेला असेल, तर तिकडचे बदल करून घेईपर्यंत रिचार्ज चालू ठेवा. घरच्या ग्रुपमधून त्यांचा नंबर कोणी एकट्यानं काढू नका. दोघी बहिणींना विचारून काय ते ठरवा. एखादीला तो तिथे राहावा असं वाटेल.

व्हिडिओ कॉलबद्दल तुमच्याशी माझं थोडं वेगळं मत आहे. चितेजवळचा व्हिडिओ कॉल नेहमीच वाईट नसतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं फौजेत आहेत, कोणी परदेशात आहे. त्यांना शेवटचं दर्शन दुसऱ्या कुठल्या मार्गानं मिळणार? पण मग ते ठरवून व्हावं. कर्त्या माणसाला विचारून, एकाच माणसानं, बाजूला उभं राहून, आवाज बंद ठेवून. आजूबाजूच्या रडणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर कॅमेरा फिरवायचा नाही. तुमच्या भाच्यानं कोणासाठी लावला होता, हे तुम्ही विचारलं का? पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं, विचारायचं राहिलं असावं. विचारा. उत्तर ऐकून तुमचा निम्मा राग कदाचित उतरेल.

दारावर जाताना मात्र फोन बंद किंवा गाडीत. याला माझ्याकडे सूट नाही. 'व्हायब्रेट'वर ठेवला की झालं असं लोकांना वाटतं, पण सतरंजीवर दहा माणसं गप्प बसलेली असताना खिशातली ती घरघर सगळ्यांना ऐकू येते आणि सगळे एकमेकांच्या खिशाकडे बघतात. ज्याच्या घरी खरंच आजारी माणूस आहे, जो डॉक्टर आहे, लाइनमन आहे, त्यानं बसायच्या आधी घरच्यांना सांगावं, "माझा फोन येऊ शकतो," आणि दाराजवळ बसावं. आला की बाहेर, रस्त्यापर्यंत जाऊन बोलावं. फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' म्हणून सोय असते, तीही पोराकडून लावून घ्या. पुष्कळ अँड्रॉइड फोनवर ती चालू असतानाही एकाच माणसानं पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो, म्हणजे खरी निकड अडत नाही. घरच्यांना एवढं सांगून ठेवायचं, "अडचण असेल तरच लागोपाठ दोनदा लाव." आणि ज्याच्या फोनवर डीजेचं गाणं वाजलं त्याच्यावर रागावू नका हो. तो बिचारा त्या रात्री झोपला नसेल.

अंत्यविधीच्या दिवशी आणखी एक गोष्ट आपण सगळे करतो आणि ती धोक्याची आहे. बाहेरगावहून निघालेल्या माणसाला दर दहा मिनिटांनी फोन. "कुठपर्यंत आलात? पारोळा आलं का?" पारोळ्याला सुरत-नागपूर महामार्ग लागतो, ट्रकमागे ट्रक असतात. मोटरसायकलवर निघालेला जावई हेल्मेटच्या आत फोन खुपसून उत्तर देतो, कारण सासरवाडीचा फोन न उचलणं त्याला जमत नाही. कायद्यानं गाडी चालवताना हातात फोन धरून बोलणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिक्षा त्याला होईल, पण फोन आपण केलेला असतो. चालवणाऱ्याला फोन करू नका. मागे बसलेल्याला करा, आणि तोही एकदाच.

गाडीतल्या, एसटीतल्या मोठ्या आवाजाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून फार लिहीत नाही. एसटीत मोठ्यानं मोबाइल लावायला मनाई आहे. रेल्वेनंही २०२२ मध्ये रात्री दहानंतर मोठ्यानं बोलायला, गाणी लावायला मनाई केली आहे आणि तक्रार आली तर टीसीनं लक्ष घालायचं आहे. पण माझा अनुभव असा की "दादा, लेकरू झोपलंय, जरा हळू करता का" एवढं शेजाऱ्यानं म्हटलं की दहातले आठ जण लगेच आवाज कमी करतात. आपण ते म्हणत नाही, तोंड फिरवून बसतो आणि घरी येऊन आजकालच्या पोरांवर चिडतो.

आता आखाजी.

घरात सगळे जमतील तेव्हा फोन गोळा करून टोपलीत टाकू नका. मोठ्या माणसांच्या हातातून फोन काढून घेतला की ते मनानं निघून जातात, आणि तुमच्या घरात तर नुकताच एक फोन फुटलेला आहे. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी मोबाइल-टीव्ही बंद असतो, पोरं अभ्यासाला बसतात. मला त्यातली एक गोष्ट पटते, ती म्हणजे वेळ ठरलेली आहे आणि सगळ्यांना सारखी आहे. तुमच्याकडे दोनच वेळा ठरवा. घागर भरताना आणि जेवणाच्या पंगतीत. त्या दोन वेळांना पहिला फोन तुमचा बंद होऊन कोनाड्यात जाऊ द्या, न बोलता. मंडीच्या भावाचा फोन येणार असला तरी. पोरं मामाच्या हाताकडे बघत असतात, जशी मी त्या बाईंच्या हाताकडे बघायचे.

बाकी वेळ त्यांना फोटो काढू द्या. झोक्याचे काढतील, गौराईचे काढतील, खापरावरच्या पोळीचे तर काढतीलच. फक्त एक सांगा. झोक्यावर गाणाऱ्या बायका-मुलींचा व्हिडिओ त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही. त्या माहेरपणाला आलेल्या असतात, मोकळ्या आवाजात गातात, सासरचं नाव घालूनही गातात. तो आवाज अंगणापुरता असतो. सासरच्या ग्रुपवर तो गेला तर पुढच्या आखाजीला ती गप्प बसेल.

आणि घागरीचा फोटो काढायचा असेल, तर तो भाच्याला काढायला सांगा. वर डांगर (खरबूज) ठेवलेली, आप्पांच्या नावाची घागर. काढल्यावर त्याला म्हणा, "आधी तुझ्या आईला, मावशीला, मामीला दाखव, मग स्टेटसला लाव." त्याला वेगळा उपदेश करायची गरज पडणार नाही. शिवाय घरातल्या निरोपाची यादी आता त्याच्याकडेच सोपवा. कोणाचा नंबर कोणता, कोण कुठे असतं, कोणाला थेट सांगायचं आणि कोणाच्या शेजाऱ्याला आधी. हे काम त्याला तुमच्यापेक्षा चांगलं जमेल. कोणत्या क्रमानं, ते त्याला तुम्ही सांगा, बसून, कागदावर लिहून.

पण त्याआधी त्याच्या घरी जायचं आहे. 'सॉरी'चा मेसेज पाठवू नका, हात जोडलेलं चित्र तर अजिबात नाही. फोनवरूनही बोलू नका. मोठ्या बहिणीच्या गावी जा, आणि जाताना काचेचे पैसे वेगळे काढून खिशात ठेवा. बहीण आधी बोलेल, तिला बोलू द्या. तीही तिच्या बापाला मुकली आहे आणि त्या दिवसांत तिला स्वतःच्या मुलाची बाजू घ्यावी लागली, हे तिच्यासाठी सोपं नव्हतं. मग भाच्याला तिच्यासमोरच सांगा, कारण अपमान चारचौघांत झाला होता: "मी तुझा फोन फोडला, ते मी करायला नको होतं." एवढ्यावर थांबा. 'पण तूसुद्धा' हे शब्द त्या वाक्याला जोडू नका. ते जोडले की माफी राहत नाही, भांडण पुढे चालू होतं.

मावशीला गाडीत काय झालं, ते तुम्ही त्याला सांगू नका. ते तिचं तिनं सांगावं. धाकटीला आखाजीला दोन दिवस आधी बोलवा आणि तिला विचारा, भाच्याशी बोलशील का. ती बोलली तर तो ऐकेल. अकरा वेळा वाजलेला तो अभंग तिच्या तोंडून ऐकल्यावर त्याला मामाच्या रागाचा अर्थ लागेल. ती नाही म्हणाली तर आग्रह करू नका, तिच्या मनाची वेळ वेगळी असेल.

मोठीकडे जायला उद्याचा दिवस चांगला आहे. निघण्याआधी एक फोन तेवढा करा. ती उचलेल तेव्हा लगेच विषय काढू नका. आधी विचारा, "बाई, कोठे शेस तू? कामात आहेस का?" आणि ती काय म्हणते ते ऐकून मग सांगा, "मी येतोय. एकटाच येतोय. दुपारच्या जेवणाला थांबेन."